तीरकामठा आणि कायद्याचा नेम

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात भिल्लांच्या घरात तीरकामठा असणे ही जुनी रीत. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. बाणाची काडी हलकी, मागे पिसे लावलेली. मोठ्या जनावरासाठी लोखंडी पाते, तर पाखरासाठी बोथट टोक, म्हणजे पाखरू खाली येते पण मांस फाटत नाही. पैसे मोजावे लागतात ते जवळपास लोखंडापुरतेच, बाकी सगळे जंगल देते.

अशा कामठ्याने ससा किंवा तितर मारायचा तर अगदी जवळ जावे लागते. वारा कुठला, पाला वाजतो का, जनावर कुठल्या वाटेने पाण्यावर येते हे ठाऊक असावे लागते. एवढे करूनही बरेच नेम चुकतात. बंदूक, तारेचा फास किंवा विजेचा प्रवाह सोडलेली तार यांच्यात आणि तीरकामठ्यात हाच मोठा फरक आहे. फास रात्रभर पडून राहतो आणि त्यात जे येईल ते मरते. कामठ्याला समोर माणूस लागतो आणि त्या माणसाला निवड करावी लागते.

कायद्याला मात्र हा फरक दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ससा आणि तितर चौथ्या अनुसूचीत होते, म्हणजे त्यांची शिकार गुन्हा. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि सर्वसाधारण गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाखावर गेली. हा दंड टोळी करून कातडी विकणाऱ्यालाही आहे आणि पोरांच्या कालवणासाठी ससा मारणाऱ्यालाही.

२००६ साली वनहक्क कायदा आला. आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. या कायद्याने मध, तेंदूपत्ता, बांबू, चराई आणि पाण्यातले मासे यांवरचे हक्क मान्य केले. उरलेले पारंपरिक हक्कही मान्य केले, पण त्याच कलमात शिकारीचा हक्क नाव घेऊन वगळला. म्हणजे नदीतला मासा हक्काचा आणि काठावरचा ससा गुन्ह्याचा.

बंदी मुळात चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. १९७२ पर्यंत जंगले रिकामी होत आली होती आणि काहीतरी करणे भाग होते. पण ती रिकामी केली कोणी? बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या हाताने मारलेल्या जनावरांचा हिशेब दिला आहे, तो आकडा सतरा हजारांवर जातो. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतली मुंडकी वेगळीच. स्वातंत्र्यानंतरही परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्या चालू होत्या. याच काळात, १८७८ च्या हत्यार कायद्याने हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण धरला होता. भिंती मुंडक्यांनी सजल्या साहेबांच्या आणि राजांच्या, पण संशय गेला भिल्लाच्या कामठ्यावर.

जहांगीरचे नाव मुद्दाम घेतले. मुसलमान वाचकाने मोगलांच्या शिकारीकडे अभिमानाने पाहण्याआधी शिकारीचा शरई नियम आठवावा. इस्लाममध्ये शिकार जायज आहे, पण तिला अटींचे कुंपण आहे. इहराम बांधलेल्या हाजीला जमिनीवरची शिकार मना आहे. अदी बिन हातिम यांनी प्रेषितांना बाणाच्या शिकारीबद्दल विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेला बाण टोकाने आत शिरला तर खावे, आडवा लागून नुसत्या माराने जनावर मेले तर खाऊ नये, असा तिचा आशय. शिकार पाण्यात पडून मेली तरी खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने हे सांगता येत नाही. त्या हिशेबाने भिल्लाच्या बोथट बाणाने मेलेले पाखरू आपल्याला चालणार नाही, जिवंत हाती लागून जबह केले तरच चालेल. हा आपला नियम, तो भिल्लावर लादण्याचे कारण नाही.

पण याच परंपरेतली दुसरी गोष्ट सर्वांच्या कामाची आहे. कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरणाऱ्या मुलांना इब्न उमर यांनी फटकारले होते, कारण जिवंत प्राण्याला निशाणा बनवण्यावर प्रेषितांनी लानत केली आहे. म्हणजे प्रश्न ‘शिकार की अहिंसा’ इतकाच नाही. जीव कशासाठी घेतला, हा खरा प्रश्न आहे. पोटासाठी घेतला की हौसेसाठी, विक्रीसाठी की मोबाइलवरच्या व्हिडिओसाठी? नीतीला हा फरक कळतो, मग तो कायद्याला का कळू नये?

सवलत दिली की तिचा गैरफायदा घेतला जाईल, आदिवासीच्या नावाखाली व्यापारी मांस विकेल, अशी हरकत येईल. ही भीती खोटी नाही. शहरातल्या पैशाला जंगलातले मांस विकत घ्यायची सवय आहे. पण म्हणूनच रेषा विक्रीवर ओढली पाहिजे. विक्री झाली की गुन्हा. बंदूक, फास, विष, वीज यांपैकी काही वापरले की गुन्हा. घोरपड, खवल्या मांजर, मोर यांना हात लावला की गुन्हा. विणीच्या हंगामात कोणतीच शिकार नाही. उरते ते फक्त ससा-तितरासारखे सामान्य प्राणी, तीरकामठा आणि घरचे पोट. त्यावर देखरेख ग्रामसभेने करावी. वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तिला दिलेलाच आहे. ससे खरोखर घटले, तर ते आधी तिलाच कळेल.

हे स्वप्नरंजन नाही. १९७२ च्या त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवले आहेत. दुसरीकडे, २०१६ साली बिहारमध्ये नीलगाय उपद्रवी ठरवून बाहेरून बंदूकवाले नेमबाज बोलावले गेले. म्हणजे सरकारला सवलत देता येते आणि जनावरे मारूही देता येतात. फक्त ज्याच्या हातात तीरकामठा आहे, त्याच्याशी बोलायची वेळ आली की कायदा आंधळा होतो.

२०१५ नंतरच्या महाराष्ट्रात कोणाच्या पातेल्यात कसले मांस शिजते, याची चौकशी होणे म्हणजे काय, हे मराठी मुसलमानाला समजावून सांगावे लागत नाही. भिल्लाला आणि पारध्याला तो अनुभव त्याच्या कितीतरी आधीचा आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ सालचा, तो रद्द झाला १९५२ साली, पण संशय अजून गेलेला नाही. आपल्या ताटाबद्दल न्याय मागताना शेजारच्या ताटाबद्दल गप्प राहणे आपल्याला शोभत नाही. सातपुड्यातल्या सशाचा प्रश्न म्हणून आपलाही आहे.