पॅकेजआधी रात्रपाळीचं विचारा

गोंदियातल्या मोठ्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स यंत्र असतं. तांदळाची धार वरून सुटते, कॅमेरे दाण्यादाण्याचा रंग टिपतात आणि काळपट दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला क्षणात बाहेर उडवतो. ही नजर चिपची असते. सेमीकंडक्टर धानपट्ट्यात केव्हाच पोहोचला, तो बनवायची नोकरी मात्र इथल्या पोरांसाठी अजून ऐकीव गोष्ट आहे. एसी, पांढरा पोशाख, लाखांचं पॅकेज, असं ते ऐकीव चित्र.

त्यातलं पॅकेज मुख्यतः डिझाइनवाल्यांचं. पुण्यात एनव्हिडिया, मार्वेल यांची कार्यालयं आहेत. तिथे चिपचा आराखडा संगणकावर तयार होतो, चिप बनत नाही. आराखडा कारखान्याकडे रवाना करणं म्हणजे टेपआउट. त्यानंतर चूक सापडली तर कोट्यवधी रुपये आणि कित्येक महिने पाण्यात जातात. म्हणून तपासणीच महिनोन् महिने चालते आणि टेपआउट जवळ आलं की जागरणं ठरलेली. बुद्धीचा कस लागतो, पण अशा जागा थोड्या आणि स्पर्धा देशभरातल्या नामांकित कॉलेजांशी.

डिप्लोमा, आयटीआय केलेल्यांना जास्त वाव कारखान्यात आहे, आणि कारखाने महाराष्ट्राबाहेर उभे राहताहेत. तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत गेला आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं. आज साणंदला मायक्रॉन आणि सीजी सेमी आहेत, धोलेऱ्यात टाटांचा प्रकल्प येतोय. गोंदियाच्या पोराने हावडा-अहमदाबाद एक्स्प्रेसमध्ये बसायची तयारी ठेवलेली बरी.

तिथे गेल्यावर काय? क्लीनरूममध्ये शिरायच्या आधी टोपी, मास्क, हातमोजे, बूट आणि डोक्यापासून पायापर्यंतचा झगा चढवायचा. मग हवेच्या झोतात उभं राहून उरलीसुरली धूळ झटकायची. पावडर, काजळ, अत्तर बंद. साधा कागदही आत चालत नाही, कारण त्याचे तंतू सुटतात. घोटभर पाणी प्यायचं किंवा लघवीला जायचं, तरी बाहेर येऊन सगळं उतरवायचं आणि परतताना पुन्हा चढवायचं. जिथे प्रकाशाने वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, नक्षी उमटवतात, त्या दालनात दिवे पिवळे असतात. निळ्या प्रकाशाने वेफरवरचा लेप बिघडतो. चिपला वेष्टन घालणाऱ्या, म्हणजे पॅकेजिंगच्या, कारखान्यात केसाहून बारीक सोन्याची किंवा तांब्याची तार चिपला जोडली जाते. तार यंत्रच जोडतं, पण ते भरकटलं की ओळखायचं माणसाने, पहाटे तीनलासुद्धा. यंत्रं चोवीस तास चालतात, म्हणून रात्रपाळी चुकत नाही. कौशल्याचं आणि मानाचं काम आहे हे, पण आहे कारखान्याचं.

आणि रसायनांचं. दक्षिण कोरियातल्या ह्वांग यू-मी या मुलीने सॅमसंगच्या गिहुंग इथल्या चिप कारखान्यात काम केलं आणि २००७ मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. टॅक्सी चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला. इतर आजारी कामगारही पुढे आले. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली. एवढ्यावरून चिपचा प्रत्येक कारखाना जीवघेणा ठरत नाही. पण कोणत्या कामगाराने कोणतं रसायन हाताळलं याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी, आणि ती त्याच्याही हातात हवी. भारतात हा उद्योग आत्ता रुजतोय. ही शिस्त लावायची तर आत्ताच.

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी अशा कारखान्यांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना वर्गात बोलावून मुलांशी बोलू द्यावं. एआयसीटीईने २०२३ मध्ये चिपनिर्मितीच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम आणला, तो गोंदियात सुरू व्हावा म्हणून लोकप्रतिनिधींनी आग्रह धरावा. आणि आईवडिलांनो, पोराचं वा पोरीचं निवडपत्र हातात आलं की कंपनीला चार गोष्टी विचारा: पाळी किती तासांची, राहायची सोय कुठे, नोकरी कायम की कंत्राटी, आणि आरोग्य तपासणीचा अहवाल कामगाराला मिळतो का. उत्तरं लेखी मागा.