रिळाचा कॅमेरा कीं डिजिटल?

शाळेच्या छायाचित्र-मंडळानें रिळाचा जुना कॅमेरा चालू ठेवावा, किंवा डिजिटल कॅमेरा विकत घ्यावा, हा प्रश्न गेल्या दोन सत्रांपासून शिक्षकांच्या खोलींत व मुलांच्या घोळक्यांत सारखाच गाजत आहे. नव्याचे अभिमानी म्हणतात, 'एकदां पैसे टाकले कीं पुढें सारें फुकट.' जुन्याचे अभिमानी म्हणतात, 'हातचें सोडून पळत्याच्या पाठीस कां लागावें?' हिशेबाची वही मात्र कोणींच उघडलेली दिसत नाहीं.

ती आपण उघडूं. एका रिळांत ३६ चित्रें निघतात. रंगीत रिळास १००० रुपये व तें धुऊन संगणकावर उतरून घेण्यास ४०० रुपये धरिले, तर एकेक चित्र सुमारें ३९ रुपयांस पडतें. डिजिटल कॅमेऱ्यास ४५,००० रुपये धरूं. म्हणजे ३२ रिळें वांचतील तेव्हां कोठें दोन्ही पारडीं समान होतील. मंडळास वर्षाकाठीं ८ रिळें लागतात. अर्थात् चार वर्षें गेलीं.

पण खर्च येथेंच थांबत नाहीं. मंडळाचा कॅमेरा पेंटॅक्स के-१००० आहे. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो तयार होत असे, आणि त्याची रचना इतकी साधी कीं, बॅटरी संपली तरी केवळ प्रकाशमापक बंद पडतो. चित्र घेण्याचें अडत नाहीं. याचीं भिंगें त्याच कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यांस बसतात, हें ऐकून पुष्कळांस आनंद झाला आहे. तो आनंद अर्धाच ठेवावा. मध्यम किमतीच्या डिजिटल कॅमेऱ्यांतील सेन्सर रिळाच्या चौकटीहून लहान असतो. त्यामुळें चित्राच्या कडा कापल्या जातात, व २८ मिलिमीटरचें भिंग ४२ मिलिमीटरच्या भिंगाइतकेंच दृश्य दाखवितें. वर्गाचे सामुदायिक फोटो ज्या पायऱ्यांवर निघतात, तेथें छायाचित्रकाराच्या पाठीशीं विहिरीचा कठडा आहे. त्यानें मागें सरावें तरी कोठें? म्हणजे नवें भिंग आलें. शिवाय जादा बॅटरी, कार्ड, आणि चित्रें सांठविण्यास एक नव्हे, दोन हार्ड डिस्क. कारण एकच ठेविली व ती बिघडली तर सबंध वर्ष नाहींसें होतें. फुकट म्हणतात तें हें!

हा हिशेब मोठमोठ्यांसही जमला नाहीं. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. एक चित्र कॅसेटवर उतरावयास त्यास २३ सेकंद लागत. रिळावर पोसलेल्या त्याच कंपनीनें २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. 'इंदु' फिल्म काढणारा आपला उटीचा सरकारी कारखानाही बंद पडला. रीळ महागलें व धुणारीं दुकानें उठलीं, यांत नवल नाहीं. आमचीं रिळें आतां टपालानें मुंबईस जातात.

इतकें असूनही माझें मत डिजिटलच्या बाजूनें आहे, आणि त्याचें कारण मंडळाच्या हजेरीपटांत सांपडतें. मंडळांत ३० मुलें आहेत. संमेलन, क्रीडास्पर्धा व सामुदायिक फोटो यांस ६ रिळें जातात. उरलेल्या दोहोंतील ७२ चित्रें मुलांत वांटलीं, तर वर्षांतून एकेकास दोन-तीनदांच कळ दाबावयास मिळते. वर्षांत दोनदां बोरू हातीं देऊन कोणाचें अक्षर वळणदार होईल? जादा रिळासाठीं वर्गणी काढली, कीं ती देऊं न शकणारीं मुलें आपण होऊनच कॅमेऱ्यापासून दूर उभीं राहतात. बिघडलेलें चित्रही ३९ रुपयांचें असतें, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. डिजिटलवर तें पुसून तत्क्षणीं दुसरें घेतां येतें, आणि उजेड कोठें चुकला हें तेथल्या तेथें उमगतें. संपन्न घरचीं मुलें हें मोबाईलवर घरीं शिकतातच.

रिळामुळें विचार करून चित्र घेण्याची शिस्त लागते, हा आक्षेप खरा आहे. पण 'आज प्रत्येकानें तीनच चित्रें घ्यावीं' एवढें शिक्षकानें सांगितलें, तरी ती लागते.

पेंटॅक्स मात्र विकूं नये. दरवर्षीं जानेवारींत एक कृष्णधवल रीळ आणून प्रत्येक वर्गाचा फोटो त्यावरही घ्यावा, आणि तें रसायनशाळेंत मुलांकडूनच धुवून घ्यावें. डेव्हलपर, हायपो व काळोख एवढें असलें म्हणजे पुरे. पट्ट्या सन घालून कोरड्या डब्यांत ठेवाव्या. त्या पाहण्यास खिडकीचा उजेड पुरतो. आणि नव्या कॅमेऱ्यासाठीं व्यवस्थापकांकडे अर्ज करितांना दुसऱ्या हार्ड डिस्कची किंमत त्यांत आतांच लिहावी. मागाहून ती कोणी देत नाहीं.