दोन रोपांमधले अंतर आणि रोवणीची मजुरी

भाताची गोष्ट कापूस-ज्वारीवाल्यांनी कशाला ऐकायची? कारण भातवाल्याला सांगतात, विरळ लाव. कापूसवाल्याला सांगतात, दाट लाव. उत्पन्न वाढेल, असे दोघांनाही सांगतात. दोन्ही खरे कसे, हे समजून घेतल्याशिवाय आपण कोणाच्याही सल्ल्यावर सरकी टोबू नये.

आधी भात पाहू. मादागास्कर बेटावर आंरी द लोलानिए या फ्रेंच पाद्र्याने १९८३ साली एक पद्धत बसवली. रोप आठ ते बारा दिवसांचे, एका जागी एकच, दोन्हीकडून २५ सेंटिमीटर अंतर. पाणी तुंबवायचे नाही, नुसती ओल ठेवायची आणि कोळपे फिरवून तण जागीच गाडायचे. चौरस मीटरला १६ चूड झाले. २० बाय १५ वर ओळीत रोवणी केली तर ३३ बसतात, तेही चुडाला दोन-तीन पऱ्हे धरून. निम्म्या चुडांत भात कमी का पडत नाही? भाताला फुटवे येतात. कोवळे रोप मुळे न दुखावता लागले आणि मुळांना हवा मिळाली, की मोकळी जागा झाड स्वतःच भरून काढते. पण धरणाचे पाणी उशिरा सुटले आणि पऱ्हे महिन्याचे झाले, तर फुटव्यांचा काळ बराचसा वाफ्यातच सरलेला असतो. मग विरळ लावून तणाचीच सोय होते.

आपल्याकडच्या डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत अंतर १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून ठेवतात. एकरी चूड होतात सुमारे एक लाख. चार चुडांच्या लहान चौकोनात मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. म्हणजे इथले अंतर खत मुळापाशी पोचावे म्हणूनही आहे.

विक्रमांचे आम्हाला फारसे कौतुक नाही. २०११ साली बिहारच्या नालंदा जिल्ह्यात हेक्टरी २२.४ टन भाताचा दावा झाला. चीनचे युआन लाँगपिंग यांनी तो साफ नाकारला. आम्ही विचारतो ते वेगळेच. वितभर कोवळे रोप चिखलात दोरीच्या खुणेवर एकेक लावायचे, तर दिवसभर वाकायचे कोणी? आपल्या मायबहिणींनी. प्रात्यक्षिकाच्या फलकावर क्विंटल लिहितात. रोवणीला किती बाया लागल्या, हे कोण लिहितो?

आता पऱ्हाटी. ९० बाय ६० वर हेक्टरी साडेअठरा हजार झाडे बसतात, ९० बाय १५ वर ७४ हजार. हलक्या, उथळ जमिनीत दाट लावण्यात तथ्य आहे. पाऊस गेला की तिथली ओल लवकर संपते, पसरून जागा भरायला झाडाला वेळच मिळत नाही. तेव्हा झाडे जास्त, प्रत्येकावर बोंडे थोडी, पण लवकर पक्की, हा हिशेब जमतो. (ज्वारीला मात्र तो लावू नका. तिचा दाणा शेवटी भरतो. रब्बीत दाट पेरली तर ओल आधीच उडते आणि कणीस पोचट राहते.) भारी, ओलिताच्या जमिनीत मात्र हीच दाट पऱ्हाटी माजते, आत ऊन-वारा शिरत नाही, बोंडे सडतात, फवारा खालपर्यंत पोचत नाही.

शिवाय बियाणे चौपट. सरळ वाण असेल तर घरची सरकी ठेवता येईल, संकरित असेल तर दरसाल चार पाकिटांच्या जागी सोळा घ्यायची. आणि डवऱ्याचे काय? चौफुलीवर आपण उभा-आडवा डवरा फिरवत होतो. १५ सेंटिमीटरवर आडवा डवरा गेला. उरले निंदण, नाहीतर तणनाशक. ही मजुरी हमीभावाच्या खर्चात नेमकी किती धरली, हे भाव ठरवणाऱ्यांना विचारायचे की नाही?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अंतराची शिफारस करणाऱ्याने तिच्याशेजारी जमिनीची खोली, बियाण्याचा खर्च आणि मजुरीचे दिवस छापावेत. तोवर ज्यांना दाट लावून बघायचे आहे त्यांनी दहा गुंठेच लावावे, शेजारी दहा गुंठे नेहमीच्या अंतरावर ठेवावे. दोन्हीकडचे बियाणे, निंदण, फवारणी, वेचणी वेगळी लिहावी. वेचणी संपल्यावरच्या जिल्हा बैठकीला त्या वह्या घेऊन या. बेरीज तिथेच सगळ्यांसमोर करू.