वर्गातला कागद, घरातला रंग

कलाशिक्षकाची वर्गातील शिकवणी आणि त्याची घरातील चित्रनिर्मिती या एकमेकींच्या वेळेवर डल्ला मारणाऱ्या गोष्टी आहेत असा सर्वसाधारण समज असला, तरी बाउहाउस, ब्लॅक माउंटन कॉलेज आणि येल विद्यापीठ येथे शिकवलेल्या योझेफ अल्बर्स यांच्या बाबतीत तो टिकत नाही. रंगसापेक्षता, म्हणजे शेजारचा रंग बदलताच मूळ रंग वेगळा भासण्याचा गुण, शिकवताना ते विद्यार्थ्यांच्या हाती रंगाऐवजी रंगीत कागद देत. कारण रंग कालवण्यात गुंतलेला विद्यार्थी पाहणे विसरतो, आणि कागदाची एकच छटा मात्र दोन निरनिराळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तिचे बदललेले रूप पुन्हापुन्हा तपासता येते. घरी, तळघरातील कार्यशाळेत, त्यांनी 1950 मध्ये ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही एकात एक चौरसांची मालिका आरंभली आणि 1976 मधील मृत्यूपर्यंत तिच्यात हजाराहून अधिक चित्रे केली. येथे तैलरंग होते खरे, पण तेही बहुतांशी न मिसळता, ट्यूबमधून थेट, मेसोनाइटवर (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता) सुरीने पसरलेले. शिवाय पाठीमागे प्रत्येक रंगाचे व उत्पादकाचे नाव नोंदलेले, जणू विद्यार्थ्याची प्रयोगवही. या चित्रांना कोरडी म्हणणाऱ्यांनी ती बहुधा छापील पुस्तकातच पाहिलेली असावीत. ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ हा त्यांचा ग्रंथ 1963 मध्ये, म्हणजे येलमधील निवृत्तीनंतर पाच वर्षांनी निघाला, आणि त्यातील अनेक उदाहरणे विद्यार्थ्यांच्या अभ्यासातूनच आलेली आहेत.