पोथीला श्रोता हवा



आषाढ लागला की वसई-विरार परिसरातील ज्येष्ठांचा दिनक्रम नकळत आक्रसतो. सकाळचे फिरणे बंद होते, देवळाच्या किंवा चर्चच्या पायऱ्या निसरड्या होतात, आणि उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खाली उतरणे हेच एक संकट वाटू लागते. जुलै 2018 मधील ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. रुळांवर पाणी, लोकल बंद, घरात वीज नाही. पाणी ओसरले, परंतु ‘आपण अडकून पडलो तर?’ ही धास्ती पुष्कळ वृद्धांच्या मनात कायमची राहिली.

अशा दिवसांत कपाटातील पोथी बाहेर निघते. वस्त्र सोडले जाते, चष्मा पुसला जातो, दोन पाने वाचून होतात आणि पोथी पुन्हा बांधली जाते. डोळे थकले असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. ऐकणारे कोणी नसते. ज्यांच्या सोबत एकेकाळी ओसरीवर वाचन चाले, त्यांतील एक आता बोईसरला मुलाकडे राहतात, दुसऱ्या पुण्याला लेकीजवळ, तिसऱ्यांना ऐकू कमी येते. ग्रंथ घरात आहे, वाचक आहे. श्रोते मात्र विखुरले आहेत. त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे साधन आज बहुतेकांच्या घरात आहे. मोबाईलवर भरणाऱ्या वाचनमंडळाविषयी, आणि ते प्रकृतीला सोसेल असे कसे चालवावे याविषयी, या वेळी विचार करू.

ही कल्पना नवी वाटली तरी तिचे मूळ आपल्याच मातीत आहे. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये नेवासे येथे सांगितली गेली ती श्रोत्यांसमोर. त्या ग्रंथात श्रोत्यांना वारंवार साद घातलेली आहे. इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले आणि पुढे दीर्घकाळ समुदायाने ऐकले. आपल्या नालासोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये प्राचीन स्तूप उजेडात आणला. त्याच धम्मपरंपरेत आज आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात ठिकठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामूहिक वाचन होते. हिंदू घरांत चातुर्मासाचे नेम असतात. पावसाळ्याचे चार महिने बसून ऐकण्याचे, ही समजूत अशी धर्माधर्मांत सारखीच आढळते.

आणखी एक उदाहरण तर आपल्या परिस्थितीच्या फारच जवळचे आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी ती लिहून घेत होते. बाहेर जाता येत नाही अशा माणसांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसून एक ग्रंथ पुरा केला. घराबाहेर पडणे ज्यांना अवघड झाले आहे, त्यांना याहून चांगला नमुना कोणता हवा?

आता आरोग्याचा विचार. वाचनमंडळ हे औषध नव्हे. त्याने स्मृतिभ्रंश बरा होतो किंवा रक्तदाब उतरतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मात्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित असे चौदा घटक सांगितले, ज्यांच्याबाबत काही करता येणे शक्य आहे. त्यांत कमी ऐकू येणे, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि सामाजिक एकाकीपणा हे तिन्ही आहेत. वाचनमंडळात बसायचे ठरवले की हे तिन्ही प्रश्न आपोआप पुढे येतात. ‘मला अक्षर दिसत नाही’ हे वाक्य वर्षभर टाळलेल्या मोतीबिंदूच्या तपासणीपर्यंत नेते, आणि ‘तुमचे शब्द कळत नाहीत’ हे वाक्य श्रवणतपासणीपर्यंत. ठरलेल्या वेळी आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव तर कोणत्याही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

प्रारंभ लहान असावा. सहा ते आठ माणसे पुरेत. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे. झूमच्या विनामूल्य सोयीत बैठक चाळीस मिनिटांनी थांबते, ती मर्यादा येथे वरदानच ठरते. कारण त्याहून अधिक वेळ पडद्यासमोर बसणे मानेला, डोळ्यांना आणि मूत्राशयालाही जाचक होते. वीस मिनिटे वाचन, पंधरा मिनिटे बोलणे, पाच मिनिटे क्षेमकुशल, अशी वाटणी ठेवावी. वेळ दुपारची चार किंवा साडेचार उत्तम. विश्रांती झालेली असते, दिवेलागणीची गडबड नसते. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, म्हणूनही दुपारच बरी. मुले परदेशी असतील तर त्यांनाही ही वेळ साधते: येथे साडेचार वाजतात तेव्हा दुबईत तीन वाजलेले असतात.

ग्रंथ निवडताना आवाका पाहावा. दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. आठवड्याला दोन समास म्हटले तरी जवळजवळ दोन वर्षे लागतील. ‘गीता प्रवचने’ चार महिन्यांत होऊ शकतात. मात्र एका बैठकीत एक पूर्ण प्रवचन वाचून होणार नाही; त्याचे दोन भाग करून आठवड्याच्या दोन बैठकांत घ्यावेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर आपल्याच वसईच्या लेखकाचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ घ्यावा, किंवा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घ्यावा. मंडळात भिन्न धर्मांची माणसे असतील तर ग्रंथ आळीपाळीने निवडावेत. एकच अट असावी: ज्याचा ग्रंथ चालू असेल त्याची श्रद्धा दुखावेल असे बोलू नये, आणि ज्याला पटत नाही त्याला ‘पटले नाही’ म्हणण्याची मोकळीक असावी.

काही व्यावहारिक सूचना ध्यानात ठेवाव्यात. वयानुसार ऐकणे मंदावते तेव्हा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी अवस्था होते. म्हणून वाचणाऱ्याने ओरडू नये. सावकाश, शब्द तोडून वाचावे. वाचणाऱ्याच्या तोंडावर समोरून प्रकाश असावा, म्हणजे ओठ दिसतात. खिडकीकडे पाठ करून बसल्यास चेहरा काळोखात जातो. बाकीच्यांनी आपला माईक बंद ठेवावा. एका घरातील कुकरची शिटी आठ घरांत वाजते. श्रवणयंत्र असेल तर ते डबीत न ठेवता कानात घालावे.

डोळ्यांसाठी सोय अशी: पडद्यावर ग्रंथ वाचण्याचा अट्टहास नको. मोठ्या टाइपाची छापील प्रत हातात आणि माणसे पडद्यावर, ही विभागणी सुखाची. पोथी ठवणीवर, मोबाईल डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर; म्हणजे मान वाकत नाही. मांडी घालून बसण्याचा आग्रह धरू नये. पाठीला आधार असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, जवळ पाण्याचा पेला. बैठक संपल्यावर चटकन उठू नये. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. आधी पाय हलवावेत, क्षणभर थांबावे, मग उठावे. ज्यांना वाचताना धाप लागते त्यांनी पाच ओळी वाचून दुसऱ्याकडे वाचन सोपवावे. त्यात संकोच कसला? मात्र धाप नव्याने लागू लागली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

अध्यात्मातील गूढ ग्रंथांविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. नाथपंथाचे, हठयोगाचे, कुंडलिनीचे ग्रंथ समजून घेण्यासाठी अवश्य वाचावेत. परंतु त्यांतील क्रिया ग्रंथ वाचून करू नयेत. श्वास दीर्घकाळ रोखणे हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यास धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने निराहार व्रत धरल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. अशा साधना हे ग्रंथही गुरूच्या देखरेखीवाचून सांगत नाहीत, आणि आपल्या वयात त्या गुरूच्या शेजारी डॉक्टरही हवा. मंडळाचा पहिला नियम हाच असावा की येथे कोणी कोणाला औषध सुचवणार नाही आणि कोणी कोणाचे औषध थांबवणार नाही.

दुसरा नियम पैशाचा. बैठकीचा दुवा केवळ ओळखीच्यांनाच द्यावा. अनुष्ठान, ग्रहशांती, गुप्त दीक्षा अशा नावाखाली कोणी रक्कम मागितली, ओटीपी विचारला किंवा ‘डिजिटल अटक’ झाल्याचे भय घातले, तर संभाषण तेथेच तोडून घरच्यांना सांगावे. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. लाजेने गप्प राहण्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की पैसे अडवता येणे कठीण होते.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. आपल्या घरातील ज्येष्ठ या बैठकीत बसणार असतील तर पहिले काही दिवस बटण दाबून देण्याचे काम आपल्याकडे येईल. ते चिडचिड न करता करावे. एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन-चार पायऱ्या लिहून भिंतीवर लावाव्यात. रोज तोंडी सांगण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. मात्र बैठक सुरू झाली की शेजारी बसून त्यांची वाक्ये पुरी करू नयेत. ती चाळीस मिनिटे त्यांची आहेत, आणि तुमचीही. त्या वेळात चहा शांतपणे प्यावा, अंग टेकावे. दिवसभर कोणाला तरी उठवणाऱ्या-बसवणाऱ्या माणसाला हक्काची चाळीस मिनिटे मिळणे ही लहान गोष्ट नाही.

मंडळात एखाद्याची स्मृती ओसरू लागेल. तेच पान पुन्हा वाचतील, तोच प्रश्न पुन्हा विचारतील. त्यांना दुरुस्त करू नये आणि वगळूही नये. वाचता येत नसेल तर ऐकू द्यावे. पाठ असलेली आरती, स्तोत्र किंवा प्रार्थना म्हणायला सांगावी. जुने, चालीवर पाठ झालेले शब्द पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकून राहतात. आणि एक दिवस पडद्यावरील एखादी चौकट रिकामी होईल. वृद्धांच्या मंडळात हे घडणारच. त्या दिवशी नेहमीचे वाचन करण्याची घाई करू नये. गेलेल्या माणसाने शेवटी जे पान वाचले होते ते पुन्हा वाचावे, त्यांच्याविषयी प्रत्येकाने दोन वाक्ये बोलावीत, आणि त्यांच्या घरी फोन करावा. जो एकटा मागे राहिला असेल त्याला, त्याची इच्छा असल्यास, त्याच चौकटीत बोलवावे.

सुरुवात कोठून करावी, असे विचाराल तर ‘चांगदेव पासष्टी’ सुचवतो. अवघ्या पासष्ट ओव्या. एका बैठकीत पाच घेतल्या तर तेरा बैठकांत ग्रंथ पुरा होतो. अर्थ मात्र सखोल आहे, म्हणून सोबत एखादी सार्थ प्रत असावी. तिच्यामागची आख्यायिका आपणांस ठाऊक असेलच. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेल्या चांगदेवांना मायना काय घालावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे या पासष्ट ओव्या. दोघांची भेट त्यानंतरची.

आपल्यालाही अनेक वर्षांत न बोललेल्या एखाद्या स्नेह्याला काय लिहावे हे सुचत नसेल. आपण आजारी होतो, ते आजारी होते, मध्ये काही गैरसमजही झाला असेल. मायन्यापाशी अडून राहू नये. ‘मंगळवारी साडेचारला पोथी वाचणार आहोत, ऐकायला याल का?’ एवढेच लिहून पाठवावे. उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी फोन करावा; कदाचित त्यांना मोबाईलवरील अक्षरे दिसत नसतील.