सापळा लावा, पण खुणा ठेवा

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रंगवत खेळणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींनो, विशेषतः खेळ चालवणाऱ्यांनो, एक कळकळीचे सांगणे आहे. सापळा गड्यांना मारायला रचू नका. त्यांनी डोके चालवावे म्हणून रचा. “दार उघडलेस? बाण लागला, मेलास,” यात गड्याने ठरवायचे काय?

1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हापासून भुयारे आणि सापळे या खेळांत आहेतच. त्यांचे धडे आपल्याकडेच मिळतात. देवगिरीची अंधारी बघा. खंदक ओलांडला की डोंगराच्या पोटातून काळोखी वाट वर चढते. वळणे फसवी, पायऱ्या उंचसखल. मध्येच उजेड दिसायचा आणि तिकडे धावणारा शत्रू खंदकात कोसळायचा, असे सांगतात. वरच्या तोंडाशी आग पेटवून वाट धुराने कोंडायची सोय होती.

आता हे टेबलावर मांडा. गड्यांना सांगा: उजेडाच्या बाजूने गार वारा येतोय, खालून पाण्याचा वास येतोय आणि तिकडच्या पायऱ्या मुळीच झिजलेल्या नाहीत. झाल्या तीन खुणा. “इथून कोणी जात नाही का?” असे जो विचारेल, त्याला सरळ उत्तर द्या, तिथे फासा मागू नका. कोणी दगड टाकून कानोसा घेईल, कोणी कमरेला दोर बांधेल. तुम्हाला न सुचलेली युक्ती पटण्याजोगी असेल, तर ती चालू द्या. कोणी पडलाच, तर त्याला पोहू द्या, पहारेकरी जागे होऊ द्या. गोष्ट पुढे सरकली पाहिजे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: हा सापळा लावणारा स्वतः रोज कुठून ये-जा करतो? त्याची सुरक्षित वाट असणारच, आणि ती शोधण्यातच खरी गंमत आहे. जागेचाही विचार करा. आपल्या भुईकोटाला डोंगराचा आधार नाही, म्हणून तिथे दुहेरी तटबंदी आणि खंदक आला, शेजारी सिद्धेश्वर तलावाचे पाणी.

तेव्हा येत्या रविवारी वही घेऊन भुईकोटात जा. तटाच्या आतून फिरा, शत्रू कुठून येईल ते बघा, नकाशा काढा. त्यावर एकच सापळा मांडा, त्याच्या तीन खुणा आणि सुटकेच्या दोन वाटा लिहा, आणि मगच गड्यांना खेळायला बोलवा.