मामा, तू थांबला असतास का?

‘सुपरहिरोंचा रिॲलिटी शो? तोही आईबाबांसोबत बसून?’ मित्रांच्या ग्रुपवर सांगितलं तेव्हा हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. त्या इमोजींशी माझं भांडण आहे, म्हणून हा लेख.

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी अमेरिकेत होतो. आई-बाबाही न्यू जर्सीला ताईकडे आले होते. बाहेर बर्फ, घरात सहा माणसं आणि नऊ स्क्रीन. नऊ वर्षांच्या भाचीने हट्ट धरला म्हणून जिजूंनी ‘हू वॉन्ट्स टू बी अ सुपरहिरो?’चे जुने भाग शोधून लावले. हा शो २००६मध्ये साय-फाय चॅनलवर आला होता. साध्या माणसांनी स्वतःचा सुपरहिरो रचायचा, तसा पोशाख घालायचा आणि परीक्षा द्यायच्या. परीक्षक खुद्द स्टॅन ली, तेही बहुतेक वेळा पडद्यावरूनच बोलणारे. बक्षीस काय, तर आपल्या पात्राचं कॉमिक. पोशाख असे, की गॅदरिंगला शोभावेत. मीही सोफ्यावर मोबाईल घेऊनच बसलो होतो.

पहिली परीक्षा सोपी वाटते. कुणाला न दिसता पोशाख बदला आणि ठरलेल्या जागी पोहोचा. स्पर्धक धावत सुटले. तेवढ्यात आई म्हणाली, “अगं, ती पोरगी रडतेय बघ.” मी मान वर केली. वाटेत एक हरवलेली लहान मुलगी रडत उभी होती. खरी परीक्षा तीच होती. काही जण थांबले. बाकीचे तिच्या शेजारून तसेच पुढे पळाले.

मग घरात वाद पेटला. बाबा निवृत्त शिक्षक. ते चिडून म्हणाले, “विषय न सांगता पेपर काढायचा आणि नापास करायचं, हा काय न्याय झाला?” त्यांचं चुकत नव्हतं. हा शो फसवतोच. त्यात रोटिआर्ट नावाचा एक स्पर्धक मुद्दाम पेरलेला हेर होता. भाचीने त्याचं इंग्रजी नाव उलटं लिहून पाहिलं आणि ‘ट्रेटर!’ म्हणून ओरडली. आई मात्र शांतपणे म्हणाली, “सांगितल्यावर थांबला, तर तो थांबला कसला?” दोघांचंही बरोबर होतं. आमचा वरण-भात गार होईपर्यंत हा वाद चालला.

आता सांगा, स्वतःच्या प्रोफाइलवर, हेडफोन लावून, दीडपट वेगाने बघताना हा वाद कुणाशी घालणार? आपल्याला वाटतं, एकट्याने बघणं म्हणजे स्वातंत्र्य. आवडीचं बघायला मिळतं, हे खरं. पण आपण काय बघितलं नाही, हे दाखवणारं शेजारी कुणी नसतं. अल्गोरिदम मला माझ्यासारखंच दाखवतो. ‘ती पोरगी बघ’ असं तो म्हणत नाही.

“एकत्र बघणं म्हणजे रिमोट बाबांच्या हातात आणि आपण गप्प,” असं कुणी म्हणेल. तसं घर मीही पाहिलंय. मला ते परत नको आहे. मला हवा आहे तो वाद, ज्यात नऊ वर्षांची पोरगीही सगळ्यांना प्रश्न विचारू शकते.

तिने तो विचारलाच. “मामा, तू थांबला असतास का?”

मी “हो” म्हणालो. ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री टीममधली एक मुलगी पॅन्ट्रीत एकटी रडत बसली होती. मी कॉफी घेतली आणि डेस्कवर परतलो. रिलीज वेळेत गेलं. माझ्या अप्रेजलमध्ये ‘फोकस’चं कौतुक झालं. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. का सोडली ते मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही.

या शोच्या पहिल्या पर्वाचा विजेता मॅथ्यू ॲथर्टन माझ्यासारखाच सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. त्याच्या सुपरहिरोचं नाव ‘फीडबॅक’. आमच्या कंपनीत हा शब्द वर्षातून दोनदा, एका फॉर्मवर भेटतो. मला खरा फीडबॅक मिळाला तो ताईच्या सोफ्यावर, एका बाष्कळ शोमुळे आणि सगळ्यांसमोर.

आठवड्यातून एक तास, सगळ्यांनी मिळून एकच स्क्रीन बघा. शो कितीही फालतू असू दे. आणि तुमच्या घरातल्या लहानग्याने असं काही विचारलं, तर माझ्यासारखं लगेच “हो” म्हणू नका.